कत्तलखान्यातील तपासणी आणि जनावरांचे आजार

आमच्या कापडाच्या धंद्यात ताग्यात दोष निघाला की प्रथम त्यावरचा नंबर पाहतात. माल भिवंडीच्या कोणत्या कारखान्यातून आला हे कळते आणि दोष तिथेच दुरुस्त होतो. मांसाच्या व्यवसायात हे काम कत्तलखान्याने करायचे असते.

मुंबई महापालिकेचा देवनार कत्तलखाना 1971 पासून चालू आहे. अशा ठिकाणी पशुवैद्यक जनावर दोनदा पाहतात. कापण्यापूर्वी ताप, लंगडणे, नाकातोंडाचा स्राव पाहतात. फाशी रोगाचा संशय आला तर जनावर कापतच नाहीत. कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासतात. कापल्यानंतर कलेजी, फुप्फुसे आणि गाठी पाहतात. गाठीत दह्यासारखा पिवळट पदार्थ निघाला तर क्षयाचा संशय येतो. कलेजीत पानाच्या आकाराचे चपटे कृमी निघाले तर जनावर गोगलगायींच्या पाणथळ जागी चरले असे समजावे.

शेळ्यामेंढ्यांच्या कलेजीत व फुप्फुसात पाण्याने भरलेले फोड निघतात, त्यांना हायडॅटिड म्हणतात. वसईत एका दुकानामागे असा तुकडा कुत्र्यांना टाकलेला मी स्वतः पाहिला. फुकटचे खाणे म्हणून टाकला असेल, पण नुकसान मोठे! त्या फोडातून कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात, विष्ठेतून अंडी गवतावर पडतात आणि पुन्हा शेळीच्या, कधी माणसाच्याही पोटात जातात. असा भाग जाळावा किंवा खोल पुरावा.

ब्रुसेलोसिस मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी कापताना घेतलेल्या रक्ताची रोज बंगाल चाचणी करतात. चार मिनिटांत अंदाज येतो, नंतर दुसऱ्या चाचणीने खात्री करतात. हा आजार कसाई बांधवांनाही होतो. ताप येत-जात राहिला, सांधे दुखले, तर डॉक्टरांना आपला व्यवसाय जरूर सांगावा.

खरी अडचण पुढे आहे. खराब कलेजी फेकली जाते, पण जनावर कोणत्या गावचे होते याची नोंद राहत नाही. बाजारात चार ठिकाणचा माल एकत्र होतो. सरकारच्या 2019 च्या रोगनियंत्रण कार्यक्रमात जनावरांच्या कानाला 12 अंकी बिल्ला लावतात. कातडे उतरवण्याआधी तो नंबर वहीत उतरवला, तर एकाच तालुक्यातून पुन्हा पुन्हा येणारा आजार पशुसंवर्धन खात्याला कळेल. पण अख्खे जनावर बाद झाले तर तोटा व्यापाऱ्याच्या माथी येतो. म्हणून काही जण आजारी जनावर तपासणीला आणतच नाहीत, गावातच कापून विकतात. भरपाईची सोय झाली तरच अशी जनावरे कत्तलखान्याच्या वहीत येतील.