गिअरबॉक्सचं मॉड्यूल बदलण्याआधी

प्रश्न : माझी ऑटोमॅटिक गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये अडकते. गॅरेजवाले ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल बदलायला सांगतात. जुन्या बाजारातलं बसवू का?

उत्तर : घाई करू नका. आधी स्कॅनरवर कोड बघा. ‘यू०१०१’ म्हणजे मॉड्यूलशी संपर्क तुटला; पण तो फ्यूज, वायर किंवा सैल अर्थिंगमुळेही तुटतो. बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. कनेक्टरमध्ये पाणी, गंज, तेल नाही ना, तेही तपासा. हे सगळं ठीक असेल तरच मॉड्यूल बदला. जुनं मॉड्यूल बऱ्याचदा दुसऱ्या गाडीच्या चासी नंबरशी जोडलेलं असतं, म्हणून ते टाळा. नव्यालाही प्रोग्रॅमिंग लागतं. त्या वेळी बॅटरीला चार्जर लावायचा आग्रह धरा. मध्येच व्होल्टेज पडलं, तर नवं मॉड्यूलही निकामी होऊ शकतं.