इंजिन सावकाश फिरते? नवी बॅटरी घेण्यापूर्वी हे तपासा

अंजनगाव सुर्जी परिसरात आंबिया बहाराचा संत्रा साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उतरवला जातो. केळी आणि पानमळ्यातील पाने यांचीही बाजाराची वाट चालूच असते. हा माल एकदा तोडला की थांबत नाही. नेमक्या अशाच पहाटे ट्रॅक्टर किंवा जुना ट्रक चालू करावयास जावे, तर सेल्फ दमल्यासारखा घर्र-घर्र करीत फिरतो आणि इंजिन काही धरत नाही. मग चार माणसे बोलावून धक्का मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी आणली जाते. पुष्कळ वेळा दोष बॅटरीत नसतोच. त्यामुळे पैसे जातात आणि महिनाभरात तीच तक्रार पुन्हा सुरू होते.

जुन्या ट्रॅक्टरप्रमाणेच लिलावातून घेतलेल्या लष्करी ट्रकमध्येही हा दोष नेहमी आढळतो. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला तयार झालेले शक्तिमान ट्रक पुष्कळांना आठवत असतील. अशा गाड्यांची बांधणी दणकट असते, परंतु वर्षानुवर्षे उभ्या राहिल्याने त्यांच्या तारा, जोड आणि सेल्फ खराब होतात. तपासणीची पद्धत ट्रॅक्टर व ट्रक दोहोंना सारखीच आहे.

सावकाश फिरल्याने इंजिन का धरत नाही?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा जोराने दाबली गेली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. यासाठी इंजिन मिनिटाला साधारण १०० ते १५० फेरे तरी फिरावे लागते. ते त्याहून हळू फिरले, तर दाबलेली हवा रिंगांतून निसटते, उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत जाते आणि डिझेल पेटत नाही. सेल्फ जोमाने फिरूनही इंजिन धरत नसेल, तर दोष डिझेलच्या बाजूस शोधावा. नळीत हवा धरली असेल किंवा फिल्टर तुंबला असेल. हा लेख फक्त सावकाश फिरणाऱ्या इंजिनाविषयी आहे.

सेल्फ काही शे अँपिअर प्रवाह ओढतो. समजा ३०० अँपिअर प्रवाह वाहत आहे आणि गंजलेल्या जोडात केवळ ०.०१ ओहम इतका अडथळा आहे. तेवढ्याने ३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १२ व्होल्टच्या गाडीत हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. त्याच जोडावर लहान दिवा लावून पाहिला तर तो लख्ख पेटतो, कारण दिव्याला प्रवाह फारच थोडा लागतो. म्हणून दिवा पेटला म्हणजे तार चांगली, असे समजू नये.

आधी सुरक्षितता

१) गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हातब्रेक ओढावा व चाकांना दगड लावावेत.
२) जमिनीवर उभे राहून पेचकसाने सेल्फचे बोल्ट जोडून ट्रॅक्टर कधीही चालू करू नये. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन धरताच ट्रॅक्टर पुढे जातो आणि माणूस मागच्या चाकाखाली सापडतो. सेल्फ चालकाच्या जागेवर बसूनच मारावा.
३) बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो. जवळ बिडी, काडी अथवा ठिणगी नसावी. बॅटरी सोडताना बॉडीला जोडलेली अर्थची तार आधी काढावी व जोडताना शेवटी लावावी.
४) सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये एक-दोन मिनिटे थांबावे, अन्यथा सेल्फ जळतो.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी, दिव्याची परीक्षा : मोठा दिवा लावून सेल्फ मारावा आणि दिव्याकडे लक्ष ठेवावे. दिवा अगदी मंद झाला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा सेल्फ अथवा इंजिन जड फिरत असल्याने प्रवाह जास्त ओढला जात आहे. दिवा एकदम विझला, तर बहुधा बॅटरीच्या टर्मिनलचा जोड सैल आहे. दिवा तेजस्वी राहिला आणि सेल्फ मात्र हळू फिरला, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचत नाही. अशा वेळी दोष जाड तारेत, अर्थमध्ये, सोलेनॉईडमध्ये किंवा सेल्फच्या कार्बनमध्ये असतो. ही परीक्षा बिनखर्ची आहे.

दुसरी पायरी, बॅटरी : गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटरने व्होल्ट मोजावेत. १२ व्होल्टची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती सुमारे अर्धी उतरली आहे. नंतर स्टॉप ओढून ठेवून १० सेकंद सेल्फ मारावा. त्या वेळी व्होल्ट ९.६ च्या खाली जाऊ नयेत. हायड्रोमीटर असल्यास प्रत्येक कप्पा तपासावा. एखाद्या कप्प्याचे माप इतरांहून ०.०५० ने कमी असेल, तर तो कप्पा निकामी होत आहे. पाणी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे पाणी घालू नये. उतरलेली बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी आणि मगच तिच्याविषयी निर्णय घ्यावा.

तिसरी पायरी, तारा व अर्थ : मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या अधिक टर्मिनलवर ठेवावी. ती चिमट्यावर न ठेवता खुद्द शिशाच्या खुंटीवर टेकवावी. दुसरी सुई सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवावी. सोबत्याने स्टॉप ओढून सेल्फ मारावा. १२ व्होल्टच्या गाडीत मीटरने ०.५ पेक्षा जास्त व्होल्ट दाखवल्यास त्या वाटेत अडथळा आहे. मग एकेका जोडावर सुया ठेवून नेमकी जागा शोधावी. हीच तपासणी बॅटरीचे उणे टर्मिनल आणि सेल्फचे अंग यांच्यामध्ये करावी. अर्थची बाजू बहुतेक वेळा तपासलीच जात नाही आणि जुन्या गाडीत दोष तेथेच असतो. ट्रकमध्ये इंजिन सहसा रबराच्या पायांवर बसलेले असते. म्हणून इंजिन व चासी जोडणारी जाड पट्टी तुटली किंवा रंग-गंजावर बसवली गेली, तर प्रवाहाला परतीची वाट राहत नाही. मीटर नसल्यास थोडा वेळ सेल्फ मारून जोडांना हात लावून पाहावा. जो जोड गरम लागेल तो खराब समजावा.

सर्व जोड सोडून पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावेत. टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, मात्र ते पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नये. जोड घट्ट आवळून वरून ग्रीस लावावे. जाड तारेच्या जागी बारीक तार घालू नये.

चौथी पायरी, सेल्फ : वरील सर्व ठीक असल्यास सेल्फ उतरवावा. कार्बन झिजले आहेत का, कॉम्युटेटर काळे पडले आहे का, ते पाहावे. बुश झिजल्यास आर्मेचर आतील पोलला घासते. असा सेल्फ हळू फिरतो, लवकर तापतो व बॅटरी ओढून घेतो. इंजिन तापल्यावरच सेल्फ जड होत असेल, तर बुशचा संशय घ्यावा. परत बसवताना सेल्फ टेकण्याची जागा स्वच्छ करावी, कारण तेथील रंगामुळेही अर्थ मिळत नाही.

पाचवी पायरी, इंजिन : फक्त थंडीच्या सकाळीच तक्रार असेल, तर तेल जाड आहे का ते पाहावे. पुस्तिकेत सांगितलेलाच ग्रेड वापरावा. क्लच दाबून सेल्फ मारल्यास गिअरबॉक्समधील घट्ट तेलाचा भार इंजिनावर येत नाही. शंका असल्यास बॅटरी सोडून व स्टॉप ओढून पुलीवर पान्हा लावून इंजिन हाताने फिरवावे. ते एका जागी एकदम अडले, रेडिएटरमधील पाणी कमी झाले असेल किंवा तेल दुधाळ दिसत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी गेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी सेल्फ मारू नये व धक्काही देऊ नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

२४ व्होल्टच्या ट्रकबाबत विशेष काळजी

मोठ्या लष्करी ट्रकमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या व एकाच वयाच्या असाव्यात. एक जुनी व एक नवी जोडल्यास जुनी बॅटरी नवीलाही खराब करते. टेप किंवा दिवा चालवण्यासाठी दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेण्याची सवय वाईट आहे. ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. म्हणून दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोजावेत.

२४ व्होल्टच्या ट्रकवरून तार ओढून १२ व्होल्टचा ट्रॅक्टर चालू करू नये. त्यात सेल्फ व दिवे जळू शकतात आणि बॅटरी फुटून तेजाब डोळ्यांत उडू शकते.

दोष पुन्हा येऊ नये म्हणून

इंजिन मध्यम वेगाने चालू असताना १२ व्होल्टच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट आणि २४ व्होल्टच्या गाडीत त्याच्या दुप्पट मिळावेत. कमी मिळाल्यास फॅन बेल्ट, डायनॅमो अथवा अल्टरनेटर पाहावा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर अर्थची तार काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी.

आपल्या वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हाळ्यात बॅटरीचे पाणी आटते व प्लेटा खराब होतात, परंतु ही कमजोरी उघडी पडते ती हिवाळ्याच्या थंड सकाळी. यासाठी मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी पाण्याची पातळी पाहावी आणि संत्रा तोडणीपूर्वी, सप्टेंबरअखेर, वरील पाचही पायऱ्या एकदा पूर्ण कराव्यात. एक मल्टिमीटर, दोन पान्हे, पॉलिश पेपर आणि अर्धा दिवस एवढेच त्याला लागते. तोडणीच्या दिवशी माल झाडाखाली पडून राहिला, तर होणारे नुकसान त्याहून कितीतरी मोठे असते.