मूलपेशी शिकवताना, जरा जपून

अगं, दहावीचा ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ तुझ्याकडे आलाय आणि तू मूलपेशींपाशी अडली आहेस म्हणे. धडा अवघड नाही गं, पण जपून शिकवायचा आहे. का, ते सांगते.

वर्गात शिरल्या शिरल्या व्याख्या लिहू नकोस. आधी मुलांना त्यांच्याच रक्ताबद्दल विचार. तांबडी पेशी जगते जेमतेम 120 दिवस, मग चार महिन्यांनी आपलं रक्त संपत कसं नाही? जरा थांब, डोकं खाजवू दे त्यांना. मग सांग की हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत, अशा मोजक्या पेशी असतात ज्या विभागून स्वतःसारखी पेशी मागे ठेवतात आणि तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट असं सगळं घडवतातही. दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी! एवढं कळलं की व्याख्या मुलंच सांगतील.

उपचाराचा पहिला दाखलाही रक्ताचाच दे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात 1983 मध्ये अस्थिमज्जेचं भारतातलं पहिलं प्रत्यारोपण झालं. ‘हाड उघडून आत भरतात का?’ हे मुलं हमखास विचारतात. नाही. रुग्णाची आजारी मज्जा जबर औषधांनी नाहीशी करतात आणि दात्याच्या मूलपेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून सोडतात. त्या रक्तातून फिरत आपणहून हाडापर्यंत पोचतात आणि काही आठवड्यांत नवं रक्त बनवू लागतात. दात्याचीही भीती घालव: मज्जा काढतात ती कमरेच्या हाडातून, मणक्यातून नव्हे. दात्याच्या पेशी रुग्णाशी जुळाव्या मात्र लागतात, आणि सख्ख्या भावंडाशीही त्या जुळायची शक्यता चारात एकच.

दुसरा दाखला डोळ्याचा. चुन्याची पुडी तुझ्या वर्गात सगळ्यांनी पाहिलेली असणार. ती खेळताना फुटून चुना डोळ्यात गेला, की काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेच्या मूलपेशी जळतात. डोळ्याचा पारदर्शक पडदा नवा होत राहतो तो त्यांच्याच जोरावर. त्याच गेल्या की डोळ्यावर रक्तवाहिन्या चढतात, नजर जाते, आणि नुसतं नेत्ररोपण टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये एक साधा उपाय मांडला. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जळलेल्या डोळ्यावर पातळ गर्भवेष्टन, म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, पसरून त्यावर ते चिकटवायचे. कणांतून पेशी पसरतात आणि पृष्ठभाग पुन्हा तयार होतो. इथे वेळ घालव. आणि चुन्याची पुडी लहान भावंडांच्या हाती देऊ नका, हेही सांगून टाक.

आता जपायचं ते. पुस्तकात मधुमेह, हृदयविकार, अल्झायमर, पार्किन्सन अशी नावं एका ओळीत येतात. मुलांना वाटतं, यांवर इलाज आहेच. तू फळा सरळ दुभाग: एकीकडे ‘आज होतं’, दुसरीकडे ‘संशोधन चालू आहे’. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2006 मध्ये उंदराच्या कातडीच्या पेशीला चार जनुकं देऊन पुन्हा मूलपेशीसारखं केलं, 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे उत्साहाने सांग, पण दुसऱ्या बाजूला लिही.

कारण मुलं घरी जाऊन सांगतात, ‘बाई म्हणाल्या.’ माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मुलाच्या स्वमग्नतेवर ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं द्यायला दागिने मोडले. मुलात काडीचा फरक पडला नाही. मला अजून चीड येते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या ठरावीक आजारांपलीकडचा वापर प्रायोगिक आहे, तो मंजूर चाचणीतच करायचा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मुलांना एकच प्रश्न पाठ करून दे: ‘प्रयोग आहे, तर पैसे कसले?’

मूलपेशींसाठी बाळाच्या नाळेचं रक्त साठवण्याबद्दल कुणीतरी विचारेलच, कारण जाहिराती घरोघरी पोचल्यात. बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्याच नाळेच्या पेशींतही तोच दोष असतो, त्या त्याला उपयोगी पडत नाहीत. घरातल्या आजारी भावंडासाठी साठवणं वेगळं, तिथे डॉक्टरच सुचवतात. पण पुढे कधीतरी स्वतःला लागेल म्हणून पैसे भरून ठेवण्याला आयसीएमआरने शास्त्रीय आधार मानलेला नाही, हे बिनदिक्कत सांग. पालकसभेत कुणी आलं विचारायला, तर त्यांनाही हेच सांग.