विषाणूची वंशावळ कशी वाचतात?

विद्यार्थी मित्रहो, २०२० व २०२१ या वर्षांतील कोरोनाची साथ आपण कोणीही विसरलेलो नाही. त्या काळात ‘डेल्टा’, ‘ओमिक्रॉन’ हे शब्द मोहाडीच्या बाजारातही सर्वांच्या तोंडी झाले होते. परंतु एकाच विषाणूची ही निरनिराळी रूपे शास्त्रज्ञांनी कशी ओळखली, हे समजून घेण्याचा प्रयत्न थोड्यांनीच केला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेतील कारकुनी करणारे; तरीही हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा नाही, असे आम्हास वाटते.

विषाणू म्हणजे आवरणात गुंडाळलेला एक लेख होय. कोरोनाचा हा लेख आरएनए नावाच्या रेणूच्या रूपात असतो. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची असून संपूर्ण लेख सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे. विषाणू आपल्या पेशीत शिरला की या लेखाच्या असंख्य नकला निघतात. नक्कल करताना एखादे अक्षर चुकते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. काही चुका विषाणूलाच मारक ठरतात. क्वचित एखादी चूक मात्र त्याला अधिक वेगाने पसरण्यास उपयोगी पडते. साथीच्या काळात कोरोनाच्या एका वंशात महिन्याला साधारण दोन बदल साठत गेले.

या चुकांवरून वंशावळ कशी कळते? समजा, दहा विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या वह्यांवरून धडा उतरवून घेतला. तीन वह्यांत एकाच ठिकाणी ‘नदी’ऐवजी ‘नाडी’ लिहिलेले आढळले, तर त्या तिघांचे मूळ एकच, हे गुरुजी लगेच ओळखतील. त्यांपैकी दोन वह्यांत पुढे आणखी एक सारखीच चूक असेल, तर ते दोघे परस्परांस अधिक जवळचे. बँकेत हिशेबाचा मेळ बसत नसला की चुकलेला आकडा कोणत्या पानावरून पुढे ओढला गेला, हे आम्ही असेच मागे मागे जाऊन शोधतो.

प्रयोगशाळेत रुग्णाच्या नाका-घशातील स्रावातून विषाणूचा आरएनए वेगळा करतात. त्याची डीएनएमध्ये नक्कल करून यंत्राने तुकडे वाचतात आणि संगणकावर ते जुळवून पूर्ण लेख तयार करतात. यास जनुकीय क्रमनिर्धारण म्हणतात. चीनमधील शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२० मध्ये या विषाणूचा लेख जगास खुला केला. त्याच महिन्याच्या अखेरीस केरळमध्ये भारतातील पहिला रुग्ण आढळला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतीय रुग्णांमधील विषाणूही वाचला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा गट स्थापन केला. त्यांपैकी दोन पुण्यातील होत्या.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ या भागात रुग्णसंख्या एकाएकी वाढू लागली. त्या वेळी सर्वांची नजर ब्रिटन, दक्षिण आफ्रिका व ब्राझील येथील विषाणूंवर होती. अमरावती व यवतमाळच्या नमुन्यांत ते परदेशी प्रकार आढळले नाहीत. परंतु ओळखीचा चोर दिसला नाही, म्हणून घरात चोर नाही असे होत नाही. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ‘ई ४८४ क्यू’ व ‘एल ४५२ आर’ हे बदल दिसत असून डिसेंबरच्या तुलनेत त्यांचे प्रमाण वाढले आहे. ‘एल ४५२ आर’ याचा अर्थ असा की, विषाणूच्या काटेरी प्रथिनातील ४५२ व्या जागी ल्युसिन हे अमिनो आम्ल जाऊन आर्जिनिन आले. वर्तमानपत्रांनी यास ‘डबल म्युटंट’ म्हटले. प्रत्यक्षात त्यात दोनाहून अधिक बदल होते. जानेवारी ते मार्च २०२१ मधील महाराष्ट्राच्या ३६१ नमुन्यांपैकी २२० नमुन्यांत हाच वंश आढळला. त्याचीच एक शाखा पुढे ‘डेल्टा’ म्हणून जगभर पसरली. मे महिन्याच्या आरंभी देशात एका दिवसात ४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद होत होती. त्या लाटेत किती घरांतील कर्ती माणसे गेली, हे येथे सांगावयास नको.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, विषाणू वाचणे पुरेसे नाही. तो वेळेवर व पुरेशा नमुन्यांत वाचला पाहिजे. बाधितांपैकी ५ टक्के नमुने वाचण्याचे उद्दिष्ट इन्साकॉगपुढे होते, परंतु लाट येईपर्यंत प्रत्यक्ष प्रमाण त्याहून बरेच कमी राहिले. शिवाय अक्षरे वाचून आजार किती गंभीर होईल हे कळत नाही. त्यासाठी रुग्ण कोठला, लस घेतली होती काय, पुढे त्याचे काय झाले, या नोंदीही जोडाव्या लागतात. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात नोंदवहीत नाव लिहिणाऱ्याचे काम यंत्र चालविणाऱ्या शास्त्रज्ञाइतकेच मोलाचे आहे.

दुसरी गोष्ट माणुसकीची आहे. विषाणू जेथे वाचला जातो तेथे तो सापडतो. म्हणून तो तेथेच जन्मला, असे म्हणता येत नाही. तरीही गावाचे, देशाचे नाव त्यास चिकटते व तेथील माणसांकडे संशयाने पाहिले जाते. हे टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ग्रीक अक्षरांची नावे जाहीर केली. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी नवा प्रकार तत्परतेने जगास कळविला. त्याचे नाव ‘ओमिक्रॉन’ ठेवले गेले आणि अनेक देशांनी त्या भागातील प्रवाशांनाच बंदी केली. खरे सांगणाऱ्यास शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी सांगणार कोण?

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, जीवशास्त्र, गणित व संगणक हे विषय अवघड म्हणून सोडू नका. पुढची साथ येईल तेव्हा तिची अक्षरे वाचणाऱ्यांत आपल्या तालुक्यातील मुलेमुली असावीत. आणि आपण वडीलधाऱ्यांनी नमुना देण्यास मागे सरू नये, तसेच आजारी माणसाच्या घराकडे बोटही दाखवू नये.