देणे आणि देऊन टाकणे

मुलांनो, या वेळचा पाठ संगणकाविषयी आहे. तो कसा वापरायचा हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले येते, म्हणून ते सांगणार नाही. आपल्या रुवैसमध्ये कोणाचा करार संपला, कोणाची बदली झाली की आवराआवर सुरू होते आणि कपाटाच्या तळाशी एखादा जुना लॅपटॉप हमखास सापडतो. "गावाकडच्या शाळेला देऊन टाकू," असे घरात कोणीतरी म्हणते. विचार चांगला आहे. पण मराठीत 'देणे' वेगळे आणि 'देऊन टाकणे' वेगळे. हा फरक व्याकरणातला आहे, तसाच व्यवहारातलाही आहे.

१. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय?

संगणकाला काम सांगणाऱ्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. दुकानातून घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या आतल्या सूचना आपल्याला वाचता येत नाहीत, बदलता येत नाहीत आणि त्याची प्रत मित्राला देण्याची परवानगीही नसते. मुक्त सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते कोणीही वापरावे, आतून वाचावे, बदलावे, त्याची प्रत दुसऱ्याला द्यावी आणि बदललेली प्रतही द्यावी.

जात्यावरच्या ओव्या अशाच होत्या. आजीला विचारा. एकीने गायलेली ओवी दुसरीने उचलली, तिने आपल्या माहेरचे नाव घातले आणि पुढे दिली. ओवी कोणाच्या मालकीची, हे कोणी विचारले नाही.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली असे सॉफ्टवेअर तयार करण्याचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहिला. या दोन्हींच्या जोडीवर आज जगभर असंख्य संगणक चालतात.

गरीब शाळेला याचा उपयोग तीन प्रकारे होतो. एक, वीस संगणक असले तरी वीस परवाने विकत घ्यावे लागत नाहीत. दोन, लिनक्सचे काही हलके प्रकार जुन्या यंत्रावरही चालतात. एका दमदार संगणकाला अनेक जुने संगणक जोडण्याची सोयही त्यात आहे. पंगतीत चूल एक आणि पाने अनेक असतात, तसे काम एक यंत्र करते आणि प्रत्येक मुलाला आपला पडदा मिळतो. तीन, पडद्यावरचे शब्द मराठीत आणायचे असतील तर कंपनीची वाट पाहावी लागत नाही. जाणकार माणसे स्वतः भाषांतर करू शकतात, आणि मराठी स्वयंसेवकांनी ते केलेही आहे.

२. गोमंतकीयांनी काय केले?

२००० सालाच्या आसपास परदेशात राहणाऱ्या गोमंतकीयांनी गोव्यातील शाळांना संगणक मिळवून देण्याचे काम हाती घेतले. अमेरिकेतील 'वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज' ही संस्था वापरलेले संगणक गोळा करून दूरदेशीच्या शाळांना देत असे. तिच्यामार्फत असे संगणक जहाजाने गोव्यात आले. त्यांवर लिनक्स बसवण्यात आले, आणि गोव्यातल्या लिनक्सप्रेमी तरुणांनी फावल्या वेळात शाळांना मदत केली.

यातला महत्त्वाचा दुवा कोणता? परदेशातले लोक यंत्रे पाठवू शकत होते. पण मे महिन्याच्या उकाड्यात एखादे यंत्र बंद पडले, तर बोस्टनहून कोण येणार? त्यासाठी म्हापशाचा किंवा मडगावचाच कोणीतरी हवा. आपणही परदेशात आहोत. म्हणून गोव्याची ही गोष्ट आपल्याला जवळची वाटावी.

३. खैराटची एकशिक्षकी शाळा

रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाड्यावर एक छोटी प्राथमिक शाळा होती. खोली एक, शिक्षक एक, इयत्ता चार आणि मुले वीसेक. २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातील प्रयोग तेथे सुरू झाला. मुलांना हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. पडदा साडेसात इंचांचा, उन्हातही वाचता येणारा. त्यावर लिनक्स आणि 'शुगर' नावाची मुलांसाठीची मुक्त प्रणाली होती. शुगरमध्ये चित्र काढता येते, गाणे रचता येते आणि कासवाला सूचना देऊन आकृत्याही काढता येतात. शुगर पुढे वाढवण्याचे काम २००८ पासून 'शुगर लॅब्ज' ही स्वयंसेवकांची संस्था करू लागली.

खैराटची एक गोष्ट लक्षात ठेवा. चार इयत्ता एकटे सांभाळणारे गुरुजी रोज मुलांसमोर उभे होते. लॅपटॉप त्यांच्या मदतीला आला होता, त्यांच्या जागी नव्हे.

४. पेरूचा धडा

याच प्रकल्पात दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या विचार करण्याच्या कौशल्यात थोडी वाढ दिसली. पण गणितात आणि भाषेत काहीच फरक पडला नव्हता. यंत्रे पोहोचली होती. त्यांचा धड्यात उपयोग कसा करायचा, हे शिक्षकांना पुरेसे शिकवले गेले नव्हते.

भारतातलेच वेगळे उदाहरण हवे असेल तर शेजारच्या मल्याळी मित्राला विचारा. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर वापरतात, आणि आधी शिक्षकांना तयार करतात. २०१८ पासून तेथे 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची मंडळे आहेत. मुले स्वतः शिकतात आणि इतरांना शिकवतात.

५. पालकांसाठी: सुट्टीत लॅपटॉप नेण्यापूर्वी

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक घरोघरी बाजूला पडले आहेत. लिनक्स घातल्यास त्यांना आणखी काही वर्षे काम मिळू शकते. मात्र एवढे करावे:

• आधी शाळेला विचारावे: वीज किती वेळ असते? शिकवणार कोण? शाळेला खरोखर हवा आहे का? आपल्याला अडगळ झालेली वस्तू त्यांच्याकडेही अडगळच होऊ शकते.

• फायली नुसत्या काढून टाकल्याने पुसल्या जात नाहीत. बँकेचे कागद आणि घरचे फोटो असलेली डिस्क पूर्ण पुसावी.

• बॅटरी तपासावी. इथला तीन चौकोनी पिनांचा प्लग भारतातल्या सॉकेटमध्ये बसत नाही. चार्जरची भारतीय वायर सोबत द्यावी.

• लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावे, मग बसवावे. मराठी भाषा आणि देवनागरी कळफलक सुरू करावा.

• कस्टमचे नियम पाहूनच सामान बांधावे.

• शाळेत दोघांना शिकवावे: एक शिक्षक आणि एक मोठा विद्यार्थी. प्रणाली पुसून पुन्हा बसवण्याचे काम त्यांना स्वतःच्या हाताने करू द्यावे. आपण हात मागे बांधून बसावे. जाताना पेन ड्राइव्ह तिथेच ठेवावा. तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढण्याची मुभा आहेच.

हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. ते झाले तर आपण संगणक दिला. नाही तर देऊन टाकला.

शब्दार्थ

जाते – धान्य दळण्याची दगडी चक्की
ओवी – दळताना गायचे छोटे गीत
परवाना – वापरण्याची लेखी परवानगी
कळफलक – अक्षरांच्या कळा असलेली पाटी
अडगळ – न लागणारे सामान
मुभा – मोकळीक

स्वाध्याय

१. 'देणे – देऊन टाकणे', 'शिकवणे – शिकवून ठेवणे', 'विसरणे – विसरून जाणे' या जोड्यांतील अर्थाचा फरक स्वतःच्या वाक्यांतून दाखवा.

२. खैराट आणि पेरू या दोन उदाहरणांतून तुम्हाला काय समजले? पाच ओळी लिहा.

३. आजी-आजोबांना विचारा: लहानपणी त्यांना दुसऱ्याची वापरलेली वस्तू मिळाली तेव्हा कसे वाटले? उत्तर मराठीत लिहून आणा.

४. तुम्हाला संगणकावर येणारी एक गोष्ट घरातील मोठ्या माणसाला शिकवा. अट एकच: माऊसला हात लावायचा नाही, फक्त मराठीतून सांगायचे.