होवा आणि रेशूत : यहुदी धर्मशास्त्रातील आज्ञाविचार

यहुदी धर्मशास्त्रात ईश्वराज्ञेला ‘मित्स्वा’ अशी संज्ञा आहे. तालमुद ग्रंथात रब्बी सिमलाई यांच्या नावे जी गणना आली आहे, तीप्रमाणे या आज्ञा एकंदर ६१३. पैकी २४८ विधिरूप आणि ३६५ निषेधरूप. निषेधपालनाचा एक प्रकार महाराष्ट्राला परिचित आहे. कोकणातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत. परंतु शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. निषेधाच्या ठिकाणी पाळणाऱ्याच्या इच्छेला वाव नाही. आवश्यक आणि ऐच्छिक हा भेद मुख्यतः विधीच्या ठिकाणी उद्भवतो.

जे करणे भागच आहे ते ‘होवा’. केले तर चांगले, न केले तरी दोष नाही, ते ‘रेशूत’. वल्हांडण सणाचे उदाहरण घ्यावे. सात दिवस बेखमीर भाकर खावी असे तोराचे वचन आहे. तथापि शास्त्रज्ञांनी निर्णय असा केला की, पहिल्या रात्री ती खाणे आवश्यक. पुढील दिवसांत खमीर वर्ज्य करणे आवश्यक, पण बेखमीर भाकर खाणे ऐच्छिक. कोणी त्या दिवसांत केवळ फळे खाऊन राहिला तरी त्याला दोष नाही. १८ व्या शतकातील विल्ना येथील गाओन एलिया यांनी मात्र म्हटले की, त्या दिवसांतही ती खाणाऱ्याच्या हातून मित्स्वा घडतेच. म्हणजे ऐच्छिक असले तरी ते निष्फळ नव्हे.

येथे शंका अशी की, आज्ञा आहे म्हणून करणारा श्रेष्ठ, की आज्ञा नसता आपल्या इच्छेने करणारा श्रेष्ठ? लोकव्यवहारात दुसऱ्याची स्तुती होते. तालमुदातील रब्बी हनिना यांचा निर्णय नेमका उलट आहे. त्याचा आधार दामा बेन नेतिना या अश्कलोनच्या परधर्मीय गृहस्थाची कथा होय. याजकाच्या वस्त्रासाठी लागणारी रत्ने त्याच्याजवळ होती व नफा फार मोठा होता. परंतु किल्ली निजलेल्या पित्याच्या उशाखाली होती, म्हणून त्याने पित्यास उठविले नाही व नफा सोडला. रब्बी हनिना म्हणतात की, ज्याला आज्ञा नाही त्याला एवढे फळ, तर आज्ञा असून करणाऱ्याचे फळ किती अधिक!

हा निर्णय कोरड्या वादाचा विषय नव्हता. बाबिलोनमधील रव योसेफ हे महापंडित अंध होते. अंधांना विधी लागू नाहीत असे रब्बी यहूदा यांचे मत. आरंभी रव योसेफ म्हणत की, हे मत खरे ठरल्यास आपण पंडितांना भोजन घालू. कारण आपण बंधन नसता सर्व करतो. पुढे हनिनांचे वचन कानी आले आणि त्यांचे म्हणणे पालटले. आता हे मत खोटे ठरवील त्याच्या निमित्ताने भोजन घालावयाचे! सवलत मिळावी म्हणून शास्त्र धुंडाळणारे पुष्कळ. बंधन आपल्यावर असावे म्हणून आतुर झालेला हा अंध पंडित विरळाच.

आज्ञा असलेला श्रेष्ठ का? तोसाफोतकारांचे उत्तर असे की, ज्याच्यावर बंधन आहे त्याला चुकण्याची चिंता असते व मनोविकाराशी झगडावे लागते. ज्याला बंधन नाही, त्याची शिदोरी पदरातच असते. वाटेल तेव्हा सोडण्यास तो मोकळा आहे.

मग ऐच्छिक करणाऱ्याने आशीर्वचन म्हणावे काय? कारण त्यात ‘देवाने आम्हांस आज्ञा केली’ या अर्थाचे शब्द येतात. हा प्रश्न स्त्रियांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा. नियत काळी करावयाच्या बहुतेक विधींतून मिश्नाने स्त्रियांना मोकळे केले आहे. त्या स्वेच्छेने करू शकतात. १२ व्या शतकात मैमोनिडीस यांनी निर्णय दिला की, त्यांनी विधी करावा, आशीर्वचन म्हणू नये. त्याच शतकात फ्रान्समध्ये रब्बेनू ताम यांनी म्हणण्यास अनुमती दिली, आणि आधार घेतला तो रव योसेफांच्याच प्रसंगाचा. १६ व्या शतकात योसेफ कारो यांनी पहिला पक्ष स्वीकारला, तर क्राकोचे मोशे इस्सेर्लिस यांनी आपल्याकडील रूढी म्हणून दुसरा नोंदविला. त्यामुळे अश्केनाझी स्त्रिया सुक्कोथ सणात झावळी हाती घेताना आशीर्वचन म्हणतात. कारोंचा निर्णय मानणाऱ्या अनेक सेफार्दी घरांतील स्त्रिया तीच झावळी मौनाने हाती घेतात.