जव्हारच्या कचेऱ्या आणि पाड्यावरची वाट



“जव्हारच्या आदिवासींसाठी तिथे काहीच सोय नाही,” असं शहरातल्या मंडळ्यांमधून मला वरचेवर ऐकायला मिळतं. हे खरं नाही. शिवाय ते खरं धरून पाठवलेली मदत पुष्कळदा भलत्याच ठिकाणी जाते, म्हणून या अंकाच्या अभ्यासासाठी मी हेच गाव घेतलं आहे.

जव्हार ही मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी. 1948 साली संस्थान विलीन झालं; नगरपालिका त्याच्याही आधीची, 1918 सालची. त्यामुळे गाव लहान असलं तरी कचेऱ्या भरपूर आहेत. तहसील, प्रांत, पंचायत समिती, न्यायालय, एस.टी.चं आगार, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आणि पतंगशहा कुटीर रुग्णालय. 1992 साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि जव्हारचं नाव सगळीकडे पोहोचलं. पुढे 1995 साली नवसंजीवन योजना आली, 2015 साली गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. तेव्हा दारं आहेत. पाड्यावरचा माणूस तिथपर्यंत का पोहोचत नाही, हे आपल्याला शिकायचं आहे.

कुपोषित मुलाचंच घ्या. अंगणवाडीताई मुलाच्या दंडाला पट्टी लावते. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित. भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात जादा आहार सुरू होतो. पण मूल खात नसेल, ताप-जुलाब असतील, पायांवर सूज असेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं. साधारण 14 दिवस. सोबत राहणाऱ्या आईला जेवण मिळतं आणि बुडीत मजुरीही मिळते.

आता हेच आईच्या बाजूने पाहा. आवणी चालू आहे. घरी आणखी दोन लेकरं, एक म्हातारी सासू, चार कोंबड्या. बुडीत मजुरी बँकेच्या खात्यात येणार, ती केव्हा येईल ते कुणी सांगत नाही. वॉर्डात ओळखीचं कुणी नाही, आणि तिची वारली बोली ऐकून शेजारच्या खाटेवरची बाई हसते. चौथ्या दिवशी ती मुलाला पाठीशी बांधते आणि घरची वाट धरते. मग नोंदवहीत “पालकांनी स्वतःहून नेले” असा शेरा पडतो आणि बाहेरचे लोक म्हणतात, या लोकांना मुलांची किंमतच नाही. हे वाक्य मी कुणाकडूनही ऐकून घेत नाही.

आमच्या कार्यकर्त्या हल्ली आईला “चल” म्हणण्याआधी बचत गटाच्या बायकांना गोळा करतात. धाकट्यांना कोण जेवू घालणार, आवणीला बदली कोण जाणार, हे आधी ठरतं. एका पाड्यावर सासूचा सगळा विरोध कोंबड्यांपायी होता! शेजारणीने त्या सांभाळायचं कबूल केलं तशी ती स्वतःच सुनेचं गाठोडं बांधायला लागली. पहिले दोन दिवस आमची एक बाई वॉर्डात सोबत बसते. तेवढं पुरतं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातले ते चौघे आठवा. त्यांनी बरं कुणालाच केलं नाही, फक्त खाट उचलली आणि वाट काढली.

कागदांचं दुखणं वेगळं. जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावे कधी जमीन नव्हती, त्या कातकरी पोराने तो आणायचा कुठून? अशा वेळी जुनी जन्म-मृत्यूची नोंद किंवा नात्यातल्या कुणाचा दाखला शोधण्यात दिवस जातात, आणि त्या शोधात शिकलेल्या माणसाची मदत खरोखर उपयोगी पडते. वनहक्काच्या दाव्याचंही तसंच. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. ग्रामसभेचा निर्णय विरुद्ध गेला तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे दाद मागता येते. त्या समितीच्या निर्णयावर तेवढ्याच मुदतीत जिल्हा समितीकडे. दावा फेटाळल्याचं लेखी पत्र कारणांसह मागून घ्या आणि ते मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा.

सर्वांत कमी वापरलं जाणारं दार म्हणजे तालुका विधी सेवा समिती. स्त्रिया आणि अनुसूचित जमातीची माणसं यांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं हिशेबात फसतात, तेव्हा याची फार गरज पडते. पण न्यायालयाच्या आवारात आरोपी म्हणून नव्हे तर हक्काने जायचं असतं, हे पाड्यावर कुणी सांगितलेलंच नसतं.

भगताबद्दलही विचारणा होते. त्याच्याशी भांडून काही साधत नाही. “दादा, तुमचं झालं की पोराला दवाखान्यात धाडा,” असं मानाने सांगितलं तर अनेक जण धाडतात.

चादरी पाठवणाऱ्यांचे मी आभार मानते, जव्हारची थंडी खरीच आहे. पण एकेका घरात आता तीन संस्थांच्या चादरी आहेत आणि अंत्योदयचं कार्ड नाही. त्या कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य मिळतं आणि कातकरी कुटुंबाचा त्यावर हक्क आहे.

पुढच्या सभेत तरुण संघाने आणि महिला संघाने मिळून एक काम करावं. आपल्या जवळच्या तालुक्याच्या गावातली एकच गरज निवडा, समजा जातीचा दाखला. कोणती कचेरी, कोणत्या टेबलावर, कोणते कागद, किती खेपा, ते स्वतः जाऊन लिहून आणा. खर्चात बुडालेली मजुरी धरा. आणि सर्वांत लांबच्या पाड्याकडे परतणारी शेवटची एस.टी. किती वाजता सुटते, तेही लिहा.